लाखो श्रोत्यांनो

"नमस्कार! रेडिओ धोटाच्या माझ्या लाखो, लाखो श्रोत्यांनो!"

लॅपटॉपमधून मामाचा आवाज आला आणि लॅपटॉपसमोर बसलेला मामा खुदकन हसला.

"झकास आलाय की आवाज," तो म्हणाला. "साहेब, जरा मोठा करा की."

टिपणीस साहेबांनी आवाज मोठा केला नाही. त्यांनी पुढचं रेकॉर्डिंग लावलं. "शुभ दुपार, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या लाखो रसिकांनो!" मग त्याच्या पुढचं. "आज लाखोंच्या साक्षीनं सादर करतोय..." प्रत्येक 'लाखो'ला मामाची मान डोलत होती.

"हे सगळं सहा महिन्यांचं आहे," साहेब म्हणाले. माणूस मुंबईचा, चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी हळू. ओरडणाऱ्या माणसाची मला तेवढी भीती वाटत नाही. "म्हणजे तुमचे श्रोते लाखो आहेत, हे आमचं म्हणणं नाही. तुमचंच आहे."

"आमचंच!" मामा छाती काढून म्हणाला.

मी मूळचीच भित्री. दारात पोस्टमन दिसला तरी 'कोण गेलं?' हा माझा पहिला विचार. पण त्या दिवशीची भीती उगाचची नव्हती. साहेब ज्या कंपनीकडून आले होते, ती गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करत असे. इंटरनेटवरच्या रेडिओसाठी त्यांचा हिशेब वेगळाच होता. गाणं एकदा वाजलं, की ते जितक्या कानांत गेलं तितक्यांदा वाजलं असं धरायचं. एका गाण्याचा दर चिल्लर पैशांतला. पण त्याला लाखांनी गुणायचं, मग दिवसातल्या गाण्यांनी, मग दिवसांनी. त्यांनी पाठवलेल्या नोटिशीतली शून्यं मी बोट ठेवून मोजली होती आणि मधेच बोट उचललं होतं. स्टेशन माझ्या नावावर होतं. माझ्या नावावर दुसरी एकच गोष्ट होती, बाबांच्या मागे राहिलेली चार यंत्रमागांची शेड. इचलकरंजीत माणूस एक वेळ बायकोच्या गळ्यातलं विकेल, पण माग विकायचा म्हटला की चूल पेटत नाही. आमच्या घरची चूल त्या चार मागांवरच होती.

मामाला मी नोटिशीचं बोलले नव्हते. 'मुंबईहून एक साहेब आपलं स्टेशन बघायला येणार आहेत' एवढंच सांगितलं होतं. त्यानं दाढी केली होती आणि सकाळपासून तीनदा घसा साफ केला होता.

"सध्या या क्षणाला किती जण ऐकतायत, ते दाखवता येईल?" साहेबांनी विचारलं.

"दाखव की गं, कुंदा," मामा म्हणाला. "साहेबांना डोळ्यांनी बघू दे."

माझा हात आमच्या कॉम्प्युटरच्या माऊसवर होता आणि तो तिथेच राहिला. आकडा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात असे, हिरव्या रंगात. त्याच्यावर मी गणपतीचं स्टिकर चिकटवून टाकलं होतं. मामा रोज कार्यक्रमाआधी त्या गणपतीला हात जोडायचा. गणपतीच्या मागे कधी अडतीस असायचं, कधी पन्नास. त्या सकाळी मी नख लावून हळूच पाहिलं होतं, त्रेचाळीस.

"मशीन जरा अडकलंय," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "ठीक आहे. मी जेवून येतो. तीन वाजता. तोपर्यंत निघालं तर बघा."

आकडा मी का दाखवला नाही ते सांगायला हवं. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, दिगंबर. ऐन तरुणपणी मागावरून उठला आणि एका ऑर्केस्ट्रात निवेदक झाला. तीस वर्षं जत्रा, गणपती, वाढदिवस, साखर कारखान्यांचे गळीत हंगाम, सगळीकडे त्याचा आवाज. मग डीजे आले. ऑर्केस्ट्रा मोडला, मामी गेली, मामा आमच्याकडे राहायला आला आणि बोलायचा बंद झाला. एका सकाळी दुधाला म्हणून गेला तो आला नाही. दुपारी म्हशी धुणाऱ्या लोकांनी त्याला पंचगंगेच्या पुलावरून आणून सोडलं. नदी बघत होतो, म्हणाला. नदी बघायला कोणी कठड्याच्या पलीकडे पाय सोडून बसत नाही.

तेव्हा मी दुकानांच्या वेबसाईट करून द्यायचे. घरात कॉम्प्युटर होता, इंटरनेट होतं. मागच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, एक माईक आणला आणि मामाला त्याच्यापुढे बसवलं. पहिल्या दिवशी तो घाबरत म्हणाला, "ऐकतंय का गं कोण?" आकडा दोन होता आणि त्यातला एक माझाच फोन. मी म्हणाले, "हो मामा, खूप जण." 'खूप'चे 'लाखो' त्याचे त्यानं केले. तीस वर्षांची सवय होती. आठवड्याभरात तो जेवायला लागला, महिन्याभरात मला चिडवायला लागला. दिवसभर जुनी गाणी लावायची आणि दोन गाण्यांच्या मधे बोलायचं. नाव ठेवलं धोटा, मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. गोधड्या दुप्पट केल्या तरी त्याच्या आवाजामागे शेडची खटखट बारीक ऐकू यायचीच. लोक म्हणत तीच आमची खूण.

लोक म्हणजे ते त्रेचाळीस.

साहेबांना सोडायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना शेडच शेड, एकेका शेडमधे दहा-बारा माग. तिथे बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मला हे ओरडून सांगायचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या आडोशाला मी थांबले.

"साहेब, खरं सांगते. त्रेचाळीस जण ऐकतात. बाकी सगळं मामाचं बोलणं आहे."

"ताई, पकडले गेल्यावर सगळ्यांचे श्रोते कमी होतात," ते म्हणाले. रागावून नाही. कंटाळून. "परवा एकानं मला चार सांगितले."

"मशीनमधे दाखवते ना!"

"मशीनमधे काय, हवं ते दाखवता येतं. आमच्याकडे तुमच्या तोंडचं 'लाखो' आहे. मी दुपारी श्रोत्यांनाच विचारणार. खरोखर नगण्य निघाले तर मागचं देणं सोडून देता येतं, तेवढा अधिकार मला आहे."

"आणि पुढचं?"

"पुढे चालवायचं तर वर्षाचं किमान शुल्क." त्यांनी आकडा सांगितला. चार मागांचा वर्षाचा नफा त्यात दोनदा बुडाला असता. "ते मोठ्यालाही तेवढंच, छोट्यालाही तेवढंच. नियम मी केलेला नाही. आणि गाणं लिहिणाऱ्यालाही पोट आहे, ताई. तुमचे मामा ज्याचं गाणं लावतात, तो कुठेतरी म्हाताराच असेल ना?"

ते चुकीचं बोलत नव्हते, हाच तर वांधा होता.

परत येताना अंगणातच मला खिडकीतून मामाचा आवाज ऐकू आला. माईकवरचा, गोल, घोटीव.

"...तर रसिकहो, मुंबईहून खास साहेब आलेत. कशासाठी? आपल्या श्रोत्यांची मोजणी करायला! आज तीन वाजता आपल्या रेडिओ धोटाच्या अंगणात सर्वांनी यायचंय. सहकुटुंब, सहपरिवार! लाखो श्रोत्यांनो, दाखवून द्या मुंबईला!"

माझे पाय शेवग्याच्या झाडाखालीच थबकले. लोक आले, तर प्रत्येक जण प्रेमानं छाती ठोकून सांगणार, अख्खं गाव ऐकतंय साहेब! इथली माणसं मित्राच्या बाजूनं बोलायला लागली की हातचं राखत नाहीत. आणि ते सांगतील तसतशी साहेबांच्या कागदावर शून्यं चढणार. आणि कोणीच आलं नाही, तर मामा रिकामं अंगण बघणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते मी तोपर्यंत फक्त म्हणत आले होते.

मी शेडमधे धावले. शिवलिंग आमचे चारही माग बघायचा. सीमेपलीकडचा, कानडी वळणाचं मराठी, दहा वर्षं आमच्याकडे. त्याचा फोन मागाच्या वर खिळ्याला टांगलेला होता, आमचंच स्टेशन चालू. मागांच्या आवाजात तो वाजतोय की नाही हे फक्त त्याच्या उजेडावरून कळत होतं.

'मामा आत्ता काय म्हणाला, ऐकलंस?' मी विचारलं.

विचारलं म्हणजे ओठ हलवले. मागावर कोणी ओरडून बोलत नाही. आवाज पोचतच नाही, मग घसा कशाला फाडायचा? आम्ही मागावर वाढलेली माणसं ओठ वाचतो. आईबाबांची सगळी भांडणं मी आवाजाशिवाय बघितलेली आहेत.

'मागात कुठलं ऐकू येतंय, आक्का,' शिवलिंगचे ओठ म्हणाले.

म्हणजे गल्लीतही कोणी ऐकलं नसणार. सगळे माग चालू होते.

'मग चालू कशाला ठेवतोस?'

तो काही सांगणार होता, तेवढ्यात पलीकडच्या मागावर सुताची तार तुटली आणि तो तिकडे वळला.

घरात आले तर मामानं ट्रंक उघडली होती. त्यातून त्यानं ऑर्केस्ट्रातला कोट काढला, मरून रंगाचा, चकाकत्या कॉलरचा. खांद्यावर डांबरगोळीचा वास आला.

"मामा, लोकांना कशाला बोलावलंस?"

"अगं, मोजणी आहे. मोजणीला माणसं नकोत व्हय?"

"तसली मोजणी नाही ती."

"मग कसली?"

मी तोंड उघडलं. त्याची बोटं कोटाची बटणं भराभर लावत होती. पुलावरून आणला त्या दिवशी तीच बोटं गार होती आणि मी ती तासभर चोळत बसले होते. 'लाखो नाहीत, मामा, त्रेचाळीस आहेत' हे पाच शब्द. मी ते मनात तीनदा म्हटले.

"काही नाही," मी म्हणाले. "कोट इस्त्री करून देऊ?"

तीनच्या आधीच मामानं शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. पुरायच्या नाहीत म्हणून मागे सतरंजी घातली. मशीनवर गाणी आपोआप लागतील असं त्यानं मला करायला सांगितलं, मधे मधे त्याच्या आवाजातलं जुनं निवेदन येईल असं. मग कोट घालून फाटकाशी उभा राहिला.

तीन वाजले. साहेब आले. फाटकातून एक कुत्रं आत आलं, खुर्च्यांखालून फिरलं आणि गेलं.

कोणी आलं नाही. मी शेवग्याच्या बुंध्याला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, कोणी येऊ नका. मग मामाकडे बघायचे आणि म्हणायचे, देवा, दोघं तरी येऊ देत. साहेब पहिल्या रांगेत एकटेच बसले होते. मामा एकदा गल्लीत जाऊन बघून आला. दुसऱ्यांदा जाऊन आला. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला, पण कोट त्यानं काढला नाही.

"पाळी चालू आहे साहेब," तो म्हणाला. "कामावर आहेत लोक. मागाला सोडून कसं येतील?" आवाज अजून गोल होता, पण कडेनं उसवायला लागला होता. "आपणच जाऊ की. चला, कारखान्यातच दाखवतो. डोळ्यांनी बघा."

"मामा, नको," मी म्हणाले. पण तो साहेबांचा हात धरून निघालासुद्धा.

शेडमधे पाऊल टाकताच साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा तो आवाज छातीत लागतो. मामानं अभिमानानं खिळ्याचा फोन दाखवला. साहेब फोनच्या अगदी जवळ गेले, कान लावला, मान हलवली. मग शिवलिंगकडे वळून काहीतरी ओरडले. बहुतेक, किती जण ऐकता, असं.

शिवलिंगनं माझ्याकडे पाहिलं. त्याला एवढंच कळत होतं की काहीतरी बरं-वाईट त्याच्या उत्तरावर लटकलंय.

'किती सांगू, आक्का?' त्याचे ओठ म्हणाले.

'कमी,' मी म्हणाले. 'कमी सांग. कोणी ऐकत नाही म्हण.'

साहेबांची माझ्याकडे पाठ होती. शिवलिंगनं त्यांना तसंच काहीसं सांगितलं. मला वाटलं, निभावलं. मान वळवली तर मामा दोन मागांच्या मधल्या वाटेत उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

तीस वर्षं त्यानं स्टेजवर काढली होती. त्याच्याआधीची वीस इथे, अशाच दोन मागांच्या मधे, हे मी साफ विसरले होते. माझ्याआधी तो ओठ वाचायला शिकलेला होता.

त्याच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. पुलावरून आणला तेव्हाही काही झालं नव्हतं. तो वळला आणि बाहेर चालू लागला. मी त्याच्यामागे, माझ्यामागे साहेब. फाटक डावीकडे होतं. तो डावीकडे वळला तर काय करायचं, त्याला धरायचं की ओरडायचं, हे माझ्या डोक्यात चालू होतं.

मामा शेवग्याखाली थांबला.

"काय म्हणाला तो माणूस?" साहेबांनी मला विचारलं.

"म्हणाला, ऐकू येत नाही," मामाच बोलला. माईकवरचा आवाज गेला होता, घरातला होता. "ह्या गावात माग चालू असताना कुणाला काय ऐकू येत नाही, साहेब. मला ठाऊक पाहिजे होतं. हितंच जन्मलोय मी."

"मग ते लाखो?"

"ती बोलायची रीत आहे. जत्रंत समोर वीस टाळकी असली तरी निवेदकानं 'अफाट जनसागर' म्हणायचं. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' छापत्यात, म्हणून कोण पन्नास पानं जास्त मांडतंय का?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "कुंदा, आकडा सांग साहेबांना. भिऊ नको."

"त्रेचाळीस," मी साहेबांना म्हणाले. मग मामाकडे वळून परत म्हणाले. "त्रेचाळीस, मामा."

त्यानं मान हलवली. दोनदा. "ऐकलंसा?" तो साहेबांना म्हणाला.

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बॅग ठेवली, दुसरीवर कागद. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. समक्ष पाहणी केली. श्रोत्यांमागे धरलेली मागची रक्कम माफ. वर्षाचं शुल्क भरणं शक्य नसल्यानं प्रसारण आजपासून कायमचं बंद करण्यात येत आहे. श्रोतेसंख्या, नगण्य.

"नगण्य म्हणजे?" मामानं विचारलं.

"म्हणजे... गणण्यासारखी नाही."

"अगणित म्हणजे पण तेच की," मामा म्हणाला. "ल्ह्या, ल्ह्या."

साहेबांना हसू आलं का कळलं नाही. मला आलं नाही. मी सही केली. साहेबांची सही आणि शिक्का राहिला होता. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि लाईट गेली.

लाईट गेल्यावर इचलकरंजी कशी होते, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आधी आमचे चार माग थांबले, मग शेजारचे, मग गल्ली, मग पलीकडची गल्ली. दिवसभर कानात असलेलं काहीतरी कोणीतरी काढून नेल्यासारखं होतं. आपलाच श्वास ऐकू यायला लागतो. अजूनही लाईट गेली की मी आधी कान टवकारते.

त्या शांततेत आमच्या शेडमधून आवाज आला.

"नमस्कार! रेडिओ धोटाच्या माझ्या लाखो, लाखो..."

खिळ्यावरचा फोन. मामाचं तासातासाचं निवेदन लागलं होतं. स्टुडिओला बॅटरी होती, ती चालूच होती. पाठोपाठ शेजारच्या शेडमधून, जरा मागे पडलेलं, "...धोटाच्या माझ्या लाखो..." मग समोरून. मग वरच्या माडीवरून. मग गल्लीच्या टोकाकडून. इंटरनेटवर प्रत्येक फोन आपापल्या चालीनं चालतो, त्यामुळे एकच वाक्य पुढेमागे होऊन दाराखिडक्यांतून येत होतं. "श्रोत्यांनो", "लाखो", "मी तुमचा मामा", "श्रोत्यांनो". कामगार कपाळ पुसत पायऱ्यांवर येऊन बसत होते, फोन हातात. कोणीतरी विडी पेटवली. शिवलिंग आमच्या दारात येऊन टेकला आणि त्यानं फोन मांडीवर ठेवला.

मघाशी त्याला काय सांगायचं होतं ते मला तेव्हा कळलं. लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. गेली की लगेच ऐकू यावं, म्हणून ते दिवसभर चालू ठेवत होते. आणि एकेका फोनमागे ऐकणारी अख्खी शेड होती.

मी साहेबांकडे पाहिलं. पेन कागदाच्या वर थांबलं होतं. ते मान वळवून एकेका दाराकडे बघत होते. आता कागद फाडतील, मला वाटलं. शेड गेली. बाबांचे माग गेले.

मग मी मामाकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून उभा होता. तीस वर्षं आणि त्यावर ही रेडिओची तीन, एवढ्या काळात त्यानं आपला आवाज कधी असा समोरून येताना ऐकला नसेल. एक क्षण, फक्त एक क्षण, त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. त्यानं पेनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि साठीकडे झुकलेला तो माणूस कोटासकट स्टुडिओकडे पळत सुटला.

आतून बटणाचा खटका ऐकू आला. बॅटरीचं मुख्य बटण.

पण आवाज थांबला नाही. फोनमधे आधीच पोचलेलं बोलणं वाजून संपायला वेळ लागतो. गल्लीभर मामा बोलतच होता. "...तुमच्या प्रेमामुळंच हा मामा जिवंत आहे, रसिकहो..." मी डोळे मिटून घेतले. बंद हो, बंद हो. मग एक फोन थांबला, दुसरा थांबला, माडीवरचा थांबला. शेवटी शिवलिंगच्या मांडीवरचा.

गल्ली चिडीचूप झाली.

"आँ?" कोणीतरी म्हणालं.

"मामाऽऽ!" समोरच्या शेडमधून हाक आली. "ओ मामा! बंद का पडलं?"

"मामा, काय झालं ओ?"

"कुणीतरी बघा रं, मामा बरा हाय न्हवं?" हा बाईचा आवाज, माडीवरचा. मग टोकाकडून, मग पलीकडच्या गल्लीतून. "मामाऽऽ! ओ मामाऽऽ!"

मामा स्टुडिओच्या दारात आला होता. कोट काढून त्यानं घडी करून हातावर घेतला होता. सदरा पाठीला चिकटला होता.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून ते त्याचाच आवाज ऐकत होते, त्याला मी काय म्हणते तेही ऐकत होते. तरी त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"कुणाला हाका मारतायत हे?"

गल्लीतून हाका येतच होत्या. मामानं जरा ऐकल्यासारखं केलं. मग नाक पुसलं.

"असतील कुणाचे तरी मामा," तो म्हणाला.

साहेबांनी एकदा गल्लीकडे पाहिलं. मग वाकले, सही केली, शिक्का मारला, आणि माझी प्रत खुर्चीवर ठेवून बॅगेची चेन ओढली.

तेवढ्यात लाईट आली. एक माग सुरू झाला, दुसरा झाला, मग अख्खी गल्ली. हाका त्या आवाजात बुडाल्या. दारादारांत बसलेले लोक उठले, फोन पुन्हा खिळ्याला लावून कामाला लागले. फाटकाजवळ पोचून साहेब आमच्याकडे वळले आणि काहीतरी म्हणाले. त्यांच्या ओठांवरून मी वाचलं, 'सांभाळा.' मग ते रिक्षा शोधायला गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

मी मामाकडे जायला निघाले. मधे सगळ्या रिकाम्या खुर्च्या होत्या. तो दारातच होता, कोट छातीशी धरून, आणि त्याचे ओठ हलले. आवाज काढला असता तरी पोचला नसता.

'किती असतील गं?' त्यानं विचारलं.

मी जिथे होते तिथेच थांबले. त्याला नीट दिसावेत म्हणून ओठ सावकाश हलवले.

'लाखो.'